पनवेलच्या घराला कोणती खिडकी?

भिंतीचे काम सोपे असते. बाहेरचे बाहेर आणि आतले आत ठेवले की तिचे कर्तव्य संपले. खिडकीचे तसे नाही. तिने उजेड आत घ्यावा पण ऊन अडवावे, वारा घ्यावा पण पाऊस रोखावा, बाहेरचे दिसू द्यावे पण आवाज, डास आणि चोर यांना थारा देऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. परस्परांच्या विरुद्ध जाणारी इतकी कामे घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर आपण लादत नाही. म्हणूनच खिडकी निवडणे हा नुसता हौसेचा किंवा पैशाचा प्रश्न नसून तो चांगलाच विज्ञानाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सध्या पनवेलमध्ये घरोघरी निघतो आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि पुढे जुन्या गावाशेजारी नवे पनवेल वसले. तेथील अनेक इमारतींना आता तीस-चाळीस वर्षे होऊन गेली आहेत. त्या काळी बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या किंवा लाकडी खिडक्या गंजल्या, कुजल्या, वाकड्या झाल्या. झडप लागत नाही, लागली तर उघडत नाही आणि श्रावणात गादीपर्यंत पाणी येते. मग घरात चर्चा सुरू होते. दुकानदार सांगतो, “परदेशात असते तशी दोन काचांची घ्या.” शेजारी सांगतात, “आम्ही सरकती बसवली, छान दिसते.” अशा वेळी विज्ञानाचा विद्यार्थी घरात असेल तर त्याने मोजपट्टी, होकायंत्र आणि वही घेऊन पुढे व्हावे. एकदा बसवलेली खिडकी पुढली वीस-पंचवीस वर्षे घराची हवा ठरवणार असते. चूक झाली, तर ती प्रत्येक उन्हाळ्यात आणि प्रत्येक पावसाळ्यात भोगावी लागते.

उदाहरणादाखल एक खोली घेऊ. लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर. तिला पश्चिमेकडे १.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच, म्हणजे १.४४ चौरस मीटरची एक खिडकी आहे. या लेखात हीच खिडकी आपण शेवटपर्यंत बरोबर ठेवू.

ऊन कोणत्या बाजूने येते?

पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. उरलेल्या वर्षभर तो दक्षिणेकडे असतो आणि २१-२२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची त्याची उंची सुमारे ४७.५ अंश एवढीच भरते. (पनवेलची मध्यान्ह घड्याळात मात्र बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आहे आणि पनवेल ७३ अंशांच्या जवळ. म्हणून येथे सूर्य माथ्यावर येण्यास साडेबारा वाजून जातात.)

आता दक्षिणेच्या खिडकीवर ४५ सें.मी. पुढे आलेला छज्जा आहे असे समजा. सूर्य समोर असताना छज्जाची सावली किती खाली पोचते? छज्जाची रुंदी गुणिले सूर्याच्या उन्नतिकोनाची स्पर्शज्या, म्हणजे टॅन. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखांच्या आसपास मध्यान्हीचा उन्नतिकोन ७१ अंश असतो. टॅन ७१ = २.९, म्हणून सावली ४५ × २.९ = सुमारे १३० सें.मी. लांब. आपली खिडकी १२० सें.मी. उंच, म्हणजे ती पूर्ण झाकली गेली. डिसेंबरात टॅन ४७.५ = १.०९, सावली ४९ सें.मी. आणि खालच्या भागातून कोवळे ऊन आत. हिवाळ्यात ते हवेसेच वाटते. दक्षिणेचा छज्जा अशा रीतीने आपोआप ऋतू ओळखतो.

पश्चिमेला हे गणित कोलमडते. मार्च महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य ३० अंशांपर्यंत उतरलेला असतो. टॅन ३० = ०.५८, तोच ४५ सें.मी.चा छज्जा जेमतेम २६ सें.मी. सावली देतो. खिडकीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उन्हात राहतो आणि सूर्य जसजसा उतरतो तशी सावली आणखी आखूड होते. पूर्वेच्या खिडकीचे सकाळी असेच होते. पण सकाळी हवा आणि भिंती थंड असतात. दुपारनंतर भिंती आधीच तापलेल्या असतात आणि त्यात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन शिरते. म्हणून खिडकी बदलताना पहिला प्रश्न “कोणती काच?” हा नसून “कोणती दिशा?” हा आहे.

एक काच की दोन?

दोन काचांच्या मध्ये हवेचा बंद थर ठेवलेल्या खिडक्या थंड देशांत सर्रास वापरतात. हवा ही उष्णतेची दुर्वाहक असल्याने त्या खिडकीतून उष्णता कमी वाहते. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे ५.७ वॉट उष्णता जाते. दुहेरी काचेतून सुमारे २.८ वॉट. म्हणजे निम्मी. जाहिरातीतला दावा खरा आहे. पण तो आपल्या कामाचा आहे का?

बाहेर उणे ५ अंश आणि आत २० अंश असे युरोपातले घर घ्या. फरक २५ अंश. आपल्या मापाच्या एकेरी काचेतून १.४४ × ५.७ × २५ = सुमारे २०५ वॉट उष्णता रात्रंदिवस बाहेर निसटते. दुहेरी काचेने ती निम्मी होते. तेथे हा खर्च सार्थकी लागतो.

आता पनवेलची मे महिन्यातील दुपार. बाहेर ३४ अंश, पंख्याच्या खोलीत ३१ अंश. फरक ३ अंश. एकेरी काचेतून वहनाने येणारी उष्णता १.४४ × ५.७ × ३ = सुमारे २५ वॉट, म्हणजे एखाद्या लहानशा जुन्या दिव्याएवढी. पण त्याच वेळी पश्चिमेच्या खिडकीवर दर चौरस मीटरला ५०० वॉट सौर प्रारण पडते असे धरू. साध्या काचेतून त्याचा सुमारे ८० टक्के भाग उष्णतेच्या रूपाने खोलीत येतो: १.४४ × ५०० × ०.८ = ५७६ वॉट. वहनाच्या तेवीस पट! शत्रू दाराशी उभा असताना आपण पंचवीस वॉटच्या उंदरामागे धावत होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मग वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीचे काय? बाहेर ३५, आत २५, फरक १० अंश. एकेरी काचेतून ८२ वॉट, दुहेरीतून ४०. बचत ४२ वॉट. दुहेरी पारदर्शक काच ऊनही थोडे कमी आत घेते, तेव्हा आणखी सत्तरएक वॉट वाचतात. पण बाहेरून एखाद्या पडद्याने उन्हाचे तीन चतुर्थांश अडवले तर ४३२ वॉट वाचतात. म्हणजे यंत्राच्या खोलीतही प्रथम सावली, मग काच.

येथे “बाहेरून” हा शब्द महत्त्वाचा आहे. काच दृश्य प्रकाश आणि सूर्याचे जवळचे अवरक्त किरण आत सोडते. पण खोलीतील वस्तू तापल्यावर ज्या लांब तरंगांचे अवरक्त किरण बाहेर टाकतात, ते काचेतून आरपार जात नाहीत. आतल्या बाजूस लावलेला गडद पडदा ऊन शोषून स्वतः तापतो आणि ती उष्णता काचेच्या अलीकडे, म्हणजे खोलीतच, कोंडली जाते. बांबूची चीक, पट्ट्यांची झडप किंवा कापडी छत बाहेर असेल तर तापते ते बाहेरच, आणि तेथील वारा त्याला निववतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी ओसरीला चिका टांगल्या, त्या उगीच नव्हे.

खिडकी मोठी, पण उघडते किती?

पनवेलची हवा उष्ण आणि दमट आहे. अशा हवेत घाम वाळला तरच शरीर निवते आणि घाम वाळण्यासाठी अंगावरून वारा वाहावा लागतो. म्हणून येथे खिडकीचे क्षेत्रफळ महत्त्वाचे नाही. तिचा जो भाग खरोखर उघडतो, तो महत्त्वाचा.

दोन पाखांच्या सरकत्या खिडकीत एक पाख दुसऱ्यामागे जाते. कितीही सरकवा, उघडा राहतो तो निम्माच भाग. तीन ट्रॅकवर तीन काचपाखे असतील तर दोन तृतीयांश. बिजागरीवर बाहेर उघडणारी झडप सुमारे ९० टक्के मोकळी होते. आपल्या १.४४ चौरस मीटरच्या खिडकीत वाऱ्याला मिळणारी वाट पाहा:

दोन पाखांची सरकती – ०.७२ चौरस मीटर
तीन पाखांची सरकती – ०.९६ चौरस मीटर
बिजागरीची – १.३० चौरस मीटर

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत उष्ण-दमट प्रदेशातील घरांना उघडणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे, असे म्हटले आहे. ही संहिता मुख्यतः नव्या इमारतींसाठी असली तरी तिचे माप जुन्या घराला लावून पाहण्यास कोणाची आडकाठी नाही. १०.८ भागिले ६ म्हणजे १.८ चौरस मीटर. आपल्या खोलीतील बिजागरीची खिडकीसुद्धा यात थोडी कमी पडते. तीच काढून दोन पाखांची सरकती बसवली तर उघडे क्षेत्र जमिनीच्या पंधराव्या भागावर येते. खिडकी दिसायला तेवढीच, किंबहुना अधिक सुबक. पण खोलीचा श्वास जवळजवळ निम्मा झाला! मग उकडते म्हणून यंत्र येते, यंत्रामागून विजेचे बिल येते.

वाऱ्याला आत यायचे दार असून भागत नाही, बाहेर पडायची वाटही लागते. समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत दुसरे द्वार नसेल तर खिडकी कितीही मोठी असो, वारा उंबरठ्यावरच घुटमळतो. जुन्या घरांत दारावर आणि छताजवळ झरोके असत. गरम हवा हलकी होऊन वर जाते व त्या वाटेने निघून जाते. नवी खिडकी घेताना हा झरोका “जुनाट दिसतो” म्हणून काचेने बुजवू नये. डासांची जाळी हवीच. पण ती बारीक असल्याने वारा बराच अडवते. तेव्हा ती काढून धुता येईल अशी असावी, नाहीतर धुळीने तिची भिंत होते.

पाऊस आणि चोवीस मिलिमीटर

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तो सरळही पडत नाही. नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. म्हणजे पनवेलला उन्हाळ्यातला सुखद वारा, दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारा हे तिन्ही साधारण एकाच अंगाने येतात. पश्चिमेची खिडकी ही म्हणूनच कठीण परीक्षा आहे.

सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून पाणी आत कसे येते, हे समजण्यास थोडे गणित करू. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढण्याचे सूत्र असे: ०.६ × वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावयाचा. ताशी ७२ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब = ०.६ × ४०० = २४० पास्कल. आता एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ९.८ पास्कल असतो. २४० भागिले ९.८ म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर!

याचा अर्थ असा की, असा झोत बाहेरून दाबत असताना ट्रॅकमधील पाणी आतल्या बाजूस २४ मि.मी. उंच चढू शकते. ट्रॅकची आतली कड याहून बुटकी असेल तर पाणी तिच्यावरून उडी घेऊन खोलीत येणारच. मिस्त्रीने कितीही सिलिकॉन भरले तरी उपयोग नाही, कारण दोष फटीत नसून उंचीत आहे. म्हणून दुकानात ट्रॅकची आतली कड मोजावी. ट्रॅकच्या बाहेरील बाजूस निचऱ्याची भोके आहेत का, हेही पाहावे. ती नसली तर ट्रॅक म्हणजे हौद. असूनही सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असली, तरी तेच.

हाच दाब संपूर्ण खिडकीवर किती बल देतो? २४० × १.४४ = सुमारे ३४६ न्यूटन, म्हणजे ३५ किलो वजनाएवढे. चौकट भिंतीत घट्ट का रोवावी लागते, ते यावरून ध्यानात येईल.

बिजागरीची झडप या बाबतीत सरस ठरते. ती चौकटीवर रबरी पट्टीसह दाबून बसते. पण ती मुसळधार पावसात उघडी ठेवता येत नाही. या पेचावर जुन्या कोकणी घरांनी तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडप योजली होती. पट्ट्या बाहेरच्या बाजूस खाली झुकलेल्या. त्यामुळे थेंब आपटून बाहेरच ओघळतो, ऊन अडते आणि वारा मात्र वळसा घेऊन आत येतो. आज याच तत्त्वावर ॲल्युमिनियमच्या आणि काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या मिळतात. एखाद्या खिडकीचा वरचा किंवा बाजूचा भाग तरी असा ठेवणे पनवेलला शहाणपणाचे होय.

आवाज बाहेर ठेवायचा तर

पनवेलभोवती महामार्ग, लोहमार्ग आणि कळंबोलीहून निघणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आहे. त्यात नवी मुंबई विमानतळाची भर पडली. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि आजारी माणसाला या आकड्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आवाज अडवण्याचे पहिले साधन वजन. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, ४ मि.मी. जाडीची एक चौरस मीटर काच १० किलो भरते, ८ मि.मी.ची २० किलो. वजन दुप्पट केले की आवाज आणखी ५ ते ६ डेसिबलने घटतो. पण त्याआधी फट पाहा. आपल्या खिडकीचा परिघ ४८० सें.मी. आहे. सगळ्या कडेने अवघी २ मि.मी. फट राहिली तर तिचे क्षेत्रफळ ४८० × ०.२ = ९६ चौरस सें.मी., म्हणजे खिडकीच्या एक टक्क्याहूनही कमी. पण एक टक्का फट म्हणजे आवाजाच्या ऊर्जेचा शंभरावा भाग थेट आत. आणि शंभरावा भाग म्हणजे २० डेसिबल. काच कितीही भारी लावा, घट २० डेसिबलच्या पुढे फारशी जाणार नाही. सरकत्या खिडकीच्या कडेला लोकरी पट्टी असते. ती वारा थोडा अडवते, आवाज फारसा नाही. येथेही दाबून बसणारी बिजागरीची झडपच जिंकते. अर्थात, उघड्या खिडकीला हे काहीच लागू नाही. म्हणून घरात निदान एक खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूची असेल, तर अभ्यासाचे टेबल तेथे हलवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

चौकट कशाची?

सागवान टिकाऊ, उष्णतेचा दुर्वाहक आणि दुरुस्तीस सोपा, पण महाग. लाकूड दमट हवेतले पाणी शोषून आडव्या अंगाने फुगते. म्हणून पावसाळ्यात अडणारी झडप दिवाळीनंतर पुन्हा सैल होते. ती फुगलेली असताना रंधा मारून घेऊ नये. नाहीतर उन्हाळ्यात फट पडते.

लोखंड मजबूत आणि स्वस्त, पण खाडीजवळच्या खारट, दमट हवेत गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे भिंतीत रुतलेली चौकट गंजली की गिलावा आणि काँक्रीट आतून फोडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरप्या भेगेचे एक कारण हेही असू शकते.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर आपोआप बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. मात्र त्याला साधे लोखंडी स्क्रू लावले तर ओलाव्यात दोन धातूंचा जणू विद्युत्घट तयार होऊन झीज सुरू होते. म्हणून स्क्रू स्टेनलेस पोलादाचेच हवेत. ही दोनशे रुपयांची काटकसर खिडकीचे आयुष्य निम्मे करू शकते.

यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारे द्रव्य न घातलेले पीव्हीसी. ते गंजत नाही, कुजत नाही. पण तापले की बरेच प्रसरण पावते. दीड मीटर लांबीची पट्टी ३० अंशांनी तापली तर ॲल्युमिनियम सुमारे १ मि.मी. वाढते, पीव्हीसी सुमारे ३ मि.मी. आणि काच जेमतेम ०.४ मि.मी. म्हणून चौकट भिंतीत ठासून न बसवता भोवती काही मिलिमीटर जागा सोडून ती लवचीक पदार्थाने भरावी लागते. या पट्टीच्या पोकळीत पोलादी पट्टी घातली आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी कापलेल्या तुकड्यावर पाहावे.

काचेची गोष्ट

काच येण्यापूर्वी गोव्यातील घरांच्या खिडक्यांना पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवीत. असे काही नमुने अजूनही पाहावयास मिळतात. त्यांतून मऊ उजेड येतो, पण बाहेरचे दिसत नाही. जुन्या काचेतून बाहेरचे झाड लहरत दिसे, कारण पत्रा ओढून केलेल्या काचेचे पृष्ठ सपाट नसे. १९५९ साली इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने तरंगत्या काचेची पद्धत जाहीर केली. सुमारे १,१०० अंश तापमानाचा काचेचा रस वितळलेल्या कथिलावर सोडतात. तेल पाण्यावर पसरावे तसा तो पसरतो आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखा सपाट होतो. कथिल २३२ अंशांना वितळते, काच मात्र ६०० अंशांच्या सुमारासच पुरेशी घट्ट होते. म्हणूनच द्रव कथिलावरून घट्ट काच उचलता येते. पनवेलकरांना हे जवळचे वाटावे, कारण १९९० च्या दशकात पनवेल तालुक्यातील तळोजे औद्योगिक वसाहतीत अशा काचेचा कारखाना उभा राहिला.

साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. तापवून झपाट्याने थंड केलेली टफन्ड काच चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट, खडीसारखे कण होतात. लहान मुले असलेल्या घरात व जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीला तीच लावावी. ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक हवे.

बसवताना लक्ष कोठे द्यावे?

काम ऑक्टोबर ते मे या काळात काढावे. मोकळ्या भगदाडाची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी आणि उंचीही तीन ठिकाणी मोजावी. प्रत्येकातील लहान माप धरावे. मग दोन्ही कर्ण मोजावे. १.२ मीटर चौरसाचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे १.७० मीटर येतो. दोन कर्ण सारखे नसतील तर भगदाड काटकोनी नाही, हे गवंड्याला दाखवावे.

जुनी चौकट काढताना घरातील लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्यावे. कारण जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. खिडकीवरची आडवी तुळई भिंतीचे वजन पेलत असते. खिडकी मोठी करण्याच्या नादात तिला कोणीही हात लावता कामा नये.

खिडकीच्या तळाचा दगड बाहेरच्या बाजूस उतरता असावा आणि भिंतीच्या थोडा पुढे यावा. त्याच्या आणि छज्जाच्या खालच्या अंगास, कडेजवळ, एक लांब खाच हवी. पाण्याचा थेंब पृष्ठाला चिकटून भिंतीकडे सरकतो. खाच आली की त्याची वाट तुटते आणि तो खाली पडतो. बोटभर खाच भिंतीची ओल वाचवते.

चौकट ओळंब्याने उभी, लेव्हलने आडवी आणि गुण्याने काटकोनात तपासावी. भोवतालची फट भरल्यावर बाहेरून सिलिकॉन लावावे. पण निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत. शेवटी मिस्त्री समोर असतानाच बाहेरून पंधरा मिनिटे पाणी मारून पाहावे. पैसे चुकते करण्याआधी घ्यावयाची ही परीक्षा आहे.

गजांमधील अंतर १० सें.मी.पेक्षा अधिक नसावे, म्हणजे बाळाचे डोके त्यातून जात नाही. पण सगळ्या खिडक्यांना कायमचे गज बसवून घराचा पिंजरा करू नये. आग लागली आणि दाराकडे धूर असला तर बाहेर कसे पडणार? निदान एका खिडकीच्या गजांना बिजागरी आणि आतून उघडणारी कडी असावी. कुलूप असेल तर किल्ली कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला, अगदी धाकट्यालाही, ठाऊक हवे.

करून पाहा

१. होकायंत्राने घरातील प्रत्येक खिडकीची दिशा ठरवा. दर तासाला खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाच्या कडेवर जमिनीवर खडूने रेघ ओढा. महिन्यातून एकदा हे करून वर्षभराचा नकाशा तयार करा.

२. खिडकी बंद करून तिच्या कडेने, पडद्यापासून दूर, पेटती उदबत्ती हळूहळू फिरवा. जेथे धूर वाकतो तेथे फट आहे. हा प्रयोग मोठी माणसे जवळ असतानाच करावा.

३. सारख्या दोन खिडक्यांपैकी एकीला आतून व दुसरीला बाहेरून तेच कापड लावा. दोन्हींच्या आत, उन्हापासून आडोशाला, तापमापक ठेवा आणि दुपारी चार वाजता नोंद घ्या. उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभराच्या नोंदींचा आलेख काढा.

४. घरातील सर्व खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र काढून त्याला चटई क्षेत्राने भागा. एक षष्ठांश येते का? वर्गातील सर्वांची उत्तरे एकत्र केली तर आपल्या गावातील घरांचे एक छोटेसे सर्वेक्षणच तयार होईल. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसे मोजकेच असतील, आणि ते बहुधा तसेच असतात, तर खर्चाचा क्रम असा लावता येईल: प्रथम पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, मग अधिकाधिक उघडणारी आणि दाबून बसणारी झडप, मग पाण्याचा उतार, खाच आणि निचरा, मग चांगले स्क्रू, बिजागऱ्या व रबरी पट्ट्या, आणि एवढे करून शिल्लक राहिले तर दुहेरी काच. जाहिराती हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण त्या दुसऱ्या कोणत्यातरी हवेसाठी लिहिलेल्या असतात. पनवेलचे ऊन किती अंशांवरून येते, पाणी किती मिलिमीटर चढते आणि वाऱ्याला किती चौरस मीटर वाट लागते, हे ज्याने आपल्या वहीत मांडले, त्याला खिडकी कोणती घ्यावी हे विचारण्यास दुकानात जावे लागणार नाही. तो दुकानात जाईल तो फक्त ती विकत घेण्यासाठी.